ईयोबाला न्याय मिळाला का?

उंबरठा:
हिब्रू बायबलातलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं आणि पुन्हा तिथेच अडलो. ऊस देशातला (साखरेचा नव्हे!) हा सज्जन माणूस. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, दहा मुलं. देवासमोर सैतान विचारतो, ‘ईयोब काय फुकट देवभक्ती करतो?’ एवढ्यावरून देव सैतानाला ईयोबाची परीक्षा घ्यायची परवानगी देतो आणि सगळं जातं. दहाही मुलं एका घराखाली चिरडतात, हा राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. शेवटी देव दुप्पट देतो, १४,००० मेंढरं, ६,००० उंट. मुलं मात्र पुन्हा दहाच. गेलेली गेलीच ना? मला हा न्याय वाटत नाही, पैजेनंतरची भरपाई वाटते.

रानवारा:
पैज म्हणून वाचलंत की गाडी तिथेच रुतते. अलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र एकच पालुपद लावतात: भोगतोयस म्हणजे काहीतरी केलं असणार. आणि शेवटी देव झापतो कोणाला? अलीफजला! तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे चूक, देवाशी भांडणारा बरोबर.

जुनाजाणता:
मित्रांना इतकं धोपटू नका. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचं’ म्हणून हिशेब मिटवता येतो. तिथे ती सोय नाही. मेल्यावर सगळे एकाच अधोलोकात. खातं याच जन्मी जुळायला हवं. बायबलातल्याच नीतिसूत्रे या पुस्तकात १०:३ (अध्याय:ओवी) बघा, परमेश्वर नीतिमानाला उपाशी ठेवत नाही. तेच धरून बसले बिचारे. पहिले सात दिवस गप्प बसले होते, तेवढं मात्र छान केलं.

उंबरठा:
@रानवारा, मित्रांना झापलं, मान्य. ईयोबाला काय उत्तर मिळालं? वावटळीतून, ‘मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?’ तक्रार घेऊन जावं तर साहेब स्वतःची सर्व्हिस सांगत बसतात, तसलं.
आणि सैतानाचा तो ‘फुकट’ हिब्रूत ‘हिन्नाम’ आहे. २:३ मध्ये देव स्वतः तोच शब्द वापरतो: तू मला भरीस पाडून याचा नाश करायला लावलास, हिन्नाम, विनाकारण. कबुलीजबाबच की! वर दुप्पट भरपाई. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात, अध्याय २२ मध्ये, नियम आहे: चोरीचं जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर त्याने दुप्पट भरायचं असतं.

रानवारा:
दुप्पटीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, झकास. पण साहेबांचं भाषण पुरतं वाचा हो. ३८:२६, जिथे माणूसच नाही अशा रानात पाऊस पडतो. कोणाच्या पुण्याईने? पाऊस म्हणजे बक्षीस हे मित्रांनी धरलेलं, आणि ईयोबानेही.

तिरकस:
पाऊस ठीक. मुलांवर घर पाडणारा वारा परवानगी काढून आला होता.

जुनाजाणता:
@तिरकस, याला माझ्याकडे उत्तर नाही. नव्या तीन मुलींची नावं पुस्तकात आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. बापाने त्यांना भावांबरोबर वाटाही दिला. मेलेल्या दहांपैकी एकाचंही नाव नाही.