दहावी : चौथं टाइमटेबल कपाटावर लागलंय, हे तरी टिकेल का?

लालबागची_आई
मंडळी, जरा मदत करा. लेक दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. प्रिलिम परवा संपली आणि बोर्डाला जेमतेम सहा आठवडे उरलेत. दिवाळीपासून हे चौथं टाइमटेबल, स्केचपेनने रंगवून कपाटाच्या दारावर चिकटवलंय, पहाटे ५ ते ७ गणित, ७ ते ८ इतिहास, क्लासवरून आल्यावर ८ ते ११ विज्ञान. रंगवायला दोन दिवस आणि पाळायला दीड! एक दिवस चुकला की सगळं पुढे सरकतं, मग रडारड, मग नवीन कागद. आमची चाळीतली एक खोली, पहाटे ५ ला पाणी येतं म्हणजे पिंप-कळशांचा आवाज, संध्याकाळी सासूबाईंची सिरियल, त्यात माघी गणपतीचा मांडव नेमका आमच्या गॅलरीखाली. हुशार आहे हो, पण प्रिलिमला भूमिती आणि मराठी दोन्हीकडे मार खाल्ला. मराठीत कसा काय हेच कळत नाही, घरात दुसरं बोलतो काय आपण?

भांडुपचा_अकरावीवाला
काकू, माझं सेम झालेलं गेल्या वर्षी. चूक तिची नाहीये, चूक त्या '५ ते ७ गणित'ची आहे. गणित म्हणजे नक्की काय ते लिहिलेलंच नसतं, मग दोन तास आपण सोपी रेषीय समीकरणंच सोडवत बसतो कारण ती येतात 😅 मी नंतर तास लिहिणं सोडून दिलं, एका पाठकोऱ्या कागदावर सगळ्या विषयांचे धडे लिहिले आणि पुस्तक बंद करून काय आठवतंय ते रफ वहीवर उतरवायचो. जमलं की हिरवी टिक, अर्धवट आलं तर पिवळी, कोरं राहिलं तर लाल. विज्ञान १ आणि २ मिळून २० धडे आहेत, त्यातले माझे ७ लाल निघाले, आणि गंमत म्हणजे ते सगळे मी 'तीनदा वाचलेले' होते. मग रोजचं टार्गेट फक्त एक लाल आणि दोन पिवळे, वेळ मिळेल तेव्हा. आणि रविवार कोरा ठेवा म्हणजे कोराच, आठवड्यात जे राहिलं ते रविवारी. माझा रविवार एकदाही मोकळा गेला नाही ही गोष्ट वेगळी, पण टाइमटेबल फाडायची वेळ आली नाही. पहाटेचा हट्ट सोडा, आमच्याकडेही पाणी ५ लाच यायचं, मी रात्री १० ते १२ गॅलरीत बसायचो.

गणितवाले_मास्तर
ताई, बावीस वर्षं दहावीला शिकवतोय, थोडं मोठं लिहितो, माफ करा.

आधी मराठीचं. ८० मार्कांच्या पेपरात भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४, म्हणजे अर्धा पेपर धड्यांच्या बाहेरचा! पत्र, बातमी, जाहिरात, सारांश हे नुसतं वाचून येत नाही, हाताने लिहावं लागतं, आणि घरात मराठी बोलतो म्हणून मुलं नेमकं तेच टाळतात. शिवाय बोर्डात भाषांचे पेपर आधी असतात, गणित-विज्ञान मध्ये आणि इतिहास-भूगोल शेवटी. त्यामुळे टाइमटेबल आजपासून पुढे न आखता शेवटच्या पेपरपासून मागे आखा. इतिहास-भूगोलाची शेवटची उजळणी पेपरांच्या मधल्या सुट्ट्यांत बसते, पण मराठी-हिंदी-इंग्रजीला अशी सुट्टी फारशी मिळत नाही, त्या पहिला पेपर यायच्या आतच तयार हव्यात. बहुतेक मुलं उलटं करतात.

भूमितीत प्रमेयं रोज एक, आकृतीसकट कोऱ्या कागदावर. समरूपता आणि वर्तुळ ही दोन प्रकरणं पक्की झाली की निम्मी भीती जाते. रचनांसाठी कंपास घट्ट आहे का बघा, हसू नका, दरवर्षी ढिल्या कंपासने मार्क जातात.

आणि एकदा केलेलं परत कधी बघायचं हेही त्या कागदावर हवं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करकरून स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ सालीच छापले होते. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर उडतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आजचं उद्या दहा मिनिटं, मग आठवड्याने एकदा. एकाच दिवशी सलग चार तास घासण्यापेक्षा हे परवडतं.

कांदिवली_दोन_मुलांची_आई
मास्तरांचं पटलं, पण रात्री १२ पर्यंतचं मला नाही पटत हां. पेपर सकाळी ११ ला असतो, त्याच्या आधी सेंटरवर पोचायचं, म्हणजे डोकं ११ ला चालायला हवं. माझा मोठा रात्री १ पर्यंत जागायचा आणि पहिल्या पेपराला चक्क जांभया देत होता. शेवटचे तीन आठवडे तरी दिवसाआड ११ वाजता घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवा, ४० मार्कांचा २ तास आणि भाषेचा ३ तास, मध्ये पाणी प्यायलाही उठायचं नाही. घरी जमत नसेल तर जवळपास नगरसेवकाची किंवा मंडळाची अभ्यासिका असतेच, चौकशी करा. आणि मोबाईल तुमच्या पर्समध्ये.

भांडुपचा_अकरावीवाला
ओके काकू, पॉइंट आहे. मी पण शेवटच्या आठवड्यात झोप मागे आणली होती, ते लिहायचं राहिलं. अजून एक, बीजगणितात अर्थनियोजन धड्यातला जीएसटी आणि शेअरवाला भाग घरात कोणी दुकानवाला असेल तर त्याच्याकडून समजून घ्या, माझ्या मामाने एका बिलावर अर्ध्या तासात शिकवला.

लालबागची_आई
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बसून लाल-पिवळं-हिरवं केलं दोघींनी. बीजगणित जवळजवळ हिरवं निघालं, आणि टाइमटेबलमध्ये सगळ्यात जास्त तास त्यालाच दिले होते बाईसाहेबांनी! भूमितीत वर्तुळ लाल, विज्ञानात उष्णता आणि कार्बनी संयुगे लाल, मराठीत सारांशलेखन तर कोरंच. रविवार कोरा ठेवलाय. जुना कागद फाडू का विचारलं तर नको म्हणाली, स्केचपेन महाग होते म्हणे.

अभ्यासिका गल्लीच्या टोकालाच आहे, इतकी वर्षं समोरून जातेय आणि डोक्यात आलं नाही. आता खाली मंडळाच्या पोरांकडे निघालेय, स्पीकरचं तोंड रस्त्याकडे फिरवा म्हणून सांगायला.