व्याख्यान जेवणाआधी ठेवावं की जेवणानंतर? (बडोदा)

रावपुऱ्याची मावशी:
महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले आम्ही जुने विद्यार्थी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. पाहुण्यांचं व्याख्यान आणि जेवण. दांडिया बाजारात छोटा हॉल घेतो, साधारण ५० माणसं असतात, बहुतेक साठीपुढची.

गेल्या महिन्यात व्याख्यान जेवणानंतर होतं. विषय होता बडोद्याची ग्रंथालयं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ती सगळी व्यवस्था उभी करून घेतली, तिथून सुरुवात झाली. वक्ते किती तयारी करून आले होते! पण मसालेभात आणि श्रीखंडानंतर मागच्या दोन रांगा पेंगायला लागल्या. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव कशा जायच्या हे ते नुकतंच सांगायला लागले होते. त्यांनी वर पाहिलं, कागद मिटले आणि ‘बाकीचं पुन्हा कधीतरी’ म्हणून खाली बसले. ते माझ्या मनाला फार लागून राहिलंय.

त्याआधी जेवणाआधीही ठेवून पाहिलंय. तेव्हा भाषण सव्वा तास चाललं, मधुमेह असलेल्या एका मैत्रिणीला गरगरलं, धावपळ करून साखरपाणी द्यावं लागलं.

भाषेचाही पेच आहेच. निम्मी मंडळी गुजराती. मराठी कळतं सगळ्यांना, पण प्रश्न विचारायला बिचकतात. इंग्रजीत ठेवलं की रंग भरत नाही. तुम्ही कसं करता? हा उपक्रम मला मोडू द्यायचा नाही.

कमाटीबाग:
ताई, व्याख्यान आधीच ठेवा, पण साडेअकराला सगळ्यांच्या पोटात काहीतरी जाऊ द्या. आमच्याकडे ताक आणि मूठभर लीलो चेवडो, म्हणजे इथला बटाट्याचा गोडसर ओला चिवडा, असतो. गोड चालत नाही त्यांना खारे शेंगदाणे. बाराला सुरू, पाऊणला पानं. ४० मिनिटं हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहा, फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न माईकवर घेऊच नका. आम्ही वक्त्याला वरणभाताला एका टेबलावर बसवतो, पोळीभाजीला दुसऱ्या, ताकभाताला तिसऱ्या. सभेत तोंड न उघडणारी माणसं पानावर बसली की मोकळेपणी विचारतात.

मांडवीचा म्हातारा:
वक्त्याला त्याच्या आईच्या भाषेत बोलू द्या. प्रश्न ज्याला जसा सुचेल तसा, गुजरातीत का असेना. बडोद्यात एका वाक्यात दोन भाषा हे आपल्याला काय नवीन आहे?

तारखांचं मात्र बघा. उत्तरायणाला धरून रविवार आला तर तो सोडा, सगळे पतंग उडवायला गच्चीवर असतात. नवरात्रातलाही सोडा, रात्रभर गरबा झालेला असतो. मे महिन्यात आम्ही ठेवतच नाही.

पुढचा विषय हंसाबेन मेहता घ्या. १९४९ साली विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून आपण सगळ्यांनी परीक्षांचा अभ्यास केला, पण त्यांच्याबद्दल आपल्यातल्या कितीजणांना चार वाक्यं सांगता येतील?

पादरा गावची लेक:
मावशी, त्या पेट्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या आजीच्या गावात अशी पेटी यायची. शाळामास्तर ती उघडायचे. पेटी परत जायच्या आदल्या रात्री आजी कंदिलाशी बसून राहिलेली पानं संपवायची. हे तिने मला कितीदा तरी सांगितलंय. तुमच्या वक्त्यांनी ते अर्धं राहिलेलं पूर्ण करावं, मी ऐकायला येईन.

रावपुऱ्याची मावशी:
सगळ्यांचे आभार. ताक साडेअकराला, व्याख्यान बाराला, ४० मिनिटं, हे ठरलं. हंसाबेनचा विषय त्याच्या पुढच्या महिन्यात घेऊ. आत्ताच त्या वक्त्यांना फोन केला. आधी ‘नको, राहू द्या’ म्हणाले. मग आजीची आणि कंदिलाची गोष्ट वाचून दाखवली, तर म्हणाले, ‘त्या बाई येणार असतील तर मी पेट्यांपासूनच सुरू करतो.’

पादऱ्याच्या ताई, दुसऱ्या रविवारी नक्की या. वरणभाताला तुमचं पान त्यांच्या शेजारी.