मदत हवी आहे: आषाढात फुगते, शिमग्याला आकसते. बेळगावच्या हवेत भरीव लाकडाची गिटार कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात वडगावला राहतो. फेब्रुवारीत पुण्याहून एक वापरलेली गिटार आणली. समोरचा टॉप स्प्रूसचा, पाठ आणि बाजू शिसवीच्या. सगळं भरीव लाकूड, प्लायवुड कुठेच नाही. १ लाख ३५ हजार रुपये मोजले, आणि ते चार वर्षं भिशी लावून साठवलेले होते. म्हणून आधीच विनंती करतो की "एवढी काळजी कशाला, वाजवत राहा" असं उत्तर देऊ नका. रोज रात्री जेवणं झाली की तासभर वाजवतोच. बाकीच्या वेळेत ती कुठे आणि कशी ठेवायची, एवढंच विचारायचं आहे.

एकदा पोळलो आहे. माझी पहिली गिटार सहा हजारांची, प्लायवुडची. पिशवीत घालून माळ्यावर ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टचा पाऊस इथल्या सगळ्यांना आठवत असेल. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण मागची भिंत महिनाभर ओली होती आणि माळा त्याच भिंतीला लागून. गणपतीत गिटार खाली काढली, तर ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) मागच्या बाजूने उचलला होता, नख आत जाईल एवढी फट. साउंडहोलमधून हात घातला तर बोटांना पांढरी बुरशी लागली. दुरुस्तीला गिटारपेक्षा जास्त खर्च सांगितला, मग ती तशीच देऊन टाकली.

त्यामुळे या वेळी डोक्यात फक्त पाऊस होता. गिटारची केस, म्हणजे पेटी, जिथून घेतली त्या दुकानात सांगितलं, "सिलिका जेलच्या पुड्या घाला, बारा महिने बघायला नको." मी पाव किलो घातल्या, केस लावली आणि निर्धास्त झालो.

मार्च संपता संपता तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) झणझणायला लागली. रोज वाजवायला घेतली की सूर उतरलेला. तारा जुन्या झाल्या असतील म्हणून बदलल्या, फरक पडला नाही. एके रात्री बाबा शेजारी बसले होते. बाबांचं आयुष्य मागावर गेलं, आधी हातमाग, मग यंत्रमाग. त्यांना गिटारमधलं काही कळत नाही. त्यांनी नेकच्या कडेवरून अंगठा वरून खाली फिरवला, मध्येच थांबवला, परत फिरवला आणि म्हणाले, "हे टोचालंय बघ. वाळलंय हे." मी बोट फिरवलं. प्रत्येक फ्रेटचं टोक लाकडाच्या बाहेर डोकावत होतं, दिसत नव्हतं पण लागत होतं. फ्रेट वाढले नव्हते, लाकूड आत गेलं होतं.

बाबा म्हणाले, उन्हाळ्यात माग चालवायचा तर सकाळी जमिनीवर पाणी शिंपडायचं, कारण सूत कोरडं पडलं की पटापट तुटतं. पावसाळ्यात उलट त्रास. हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण गिटारला तेच लागू पडेल हे मला सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्याच रात्री सिलिकाच्या पुड्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजायचा मीटर, मागवला. एप्रिलमध्ये दुपारी तीनला खोलीत २८ टक्के दाखवत होता. आता मे संपत आलाय, वळीव दोनदा पडून गेला, आणि काल रात्री तोच काटा ७१ वर होता. जुलैत काय होईल?

वाचलं बरंच आहे. मार्टिन, टेलर यांच्यासारख्या कंपन्या ४५ ते ५५ टक्के दमटपणा सांभाळा म्हणतात. पण तिकडची माणसं लिहितात ती हिवाळ्यात घर तापवल्यावर होणाऱ्या कोरडेपणाबद्दल, आणि मुंबईची मंडळी लिहितात ती नुसत्या दमटपणाबद्दल. आपल्याकडे दोन्ही आहे. आजोबांचं शिसवी कपाट आहे घरात. आषाढात त्याचं दार लागत नाही आणि शिमग्याला आपोआप लागतं. गिटारची पाठही शिसवीचीच आहे, फक्त कपाटाची फळी बोटभर जाड आणि हिची जेमतेम तीन मिलिमीटर.

आता नेमकं विचारतो. जून ते सप्टेंबर केस बंद ठेवायची की गिटार बाहेर स्टँडवर हवेशीर ठेवायची? आई म्हणते बंद पेटीत सगळ्याला वास येतो, बाहेर ठेव. रात्री तारा सैल कराव्यात का? काही जण रोज करा म्हणतात. एका तबला वाजवणाऱ्या ओळखीच्यांनी सांगितलं की कपाटात साठचा बल्ब लावून ठेव, ते स्वतः पावसाळ्यात तसंच करतात. ते गिटारला चालेल का? दमटपणा शोषणारं यंत्र घ्यायची तयारी आहे, पण पावसात लाईट किती वेळ जाते ते इथल्यांना सांगायला नको. शेवटचं म्हणजे, बाहेर आलेली फ्रेटची टोकं आत्ताच घासून घेऊ का?

कृपया जे स्वतः केलं असेल तेच सांगा.

प्रतिसाद, खानापूरहून

दादा, आमच्याकडे तुमच्यापेक्षा पाऊस जास्त, आणि जांबोटीच्या बाजूला गेलात तर विचारूच नका. अकरा वर्षं एक गिटार सांभाळतेय. पावसाळ्यात केसमध्येच ठेवा, आणि वाजवून झाल्यावर लगेच बंद करा. लोक गिटार आत ठेवतात आणि केस तासन्‌तास उघडी टाकतात, मग आतली पुडी अख्ख्या खोलीची ओल ओढत बसते. केस बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाही, फरशीवर नाही, माळ्यावर तर नाहीच. आमच्याकडे मधल्या खोलीत आतल्या भिंतीपाशी पाटावर आडवी असते. आईंचं वासाचं म्हणणं मात्र खोटं नाही. आठवड्यातून एकदा, पाऊस उघडला की दुपारी केस रिकामी करून अर्धा तास उघडी ठेवा. आतलं मखमलीचं अस्तर ओल धरतं. उन्हात ठेवू नका.

तारा रोज सैल करू नका. बारा नंबरच्या तारांच्या संचाचा मिळून सत्तर किलोच्या वर ताण असतो आणि नेक त्या ताणाला धरूनच बसवलेली असते. रोज सोडली-आवळली तर तिला स्थिर बसताच येत नाही. महिना-दोन महिने गावाला जाणार असाल तर एक-दोन सूर उतरवून ठेवा, पुरे.

बल्ब नको. तबल्याची गोष्ट वेगळी, तिथे कातडं आहे. इथे एका बाजूने ऊब लागली की लाकूड एकाच बाजूने वाळतं. शिवाय दिवा किती वेळ ठेवला याचा हिशेब राहत नाही.

डांबर गोळ्याही टाकू नका, वास लाकडात बसतो आणि जात नाही.

प्रतिसाद, निपाणीहून

मी लाकूडकाम करतो, गिटार वाजवत नाही, मुलगा वाजवतो. ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. केस नीट लागत नसेल तर ती बंद ठेवून उपयोग नाही. झाकणात कागदाची पट्टी धरून कड्या लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथून हवा जाते.

दादा, हवेचं सोडा, लाकडाचा हिशेब बघा. दमटपणा ५० टक्के असताना लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. ८० टक्के झाला की १६. गिटारचं लाकूड दीड-दोन किलो धरलं, तर आषाढ सरेपर्यंत तिने शंभर ग्रॅमच्या वर पाणी प्यायलं म्हणून समजा. बाहेरून पॉलिश आहे, आतून कोरं लाकूड आहे, म्हणून ती आतून पिते. हे एका दिवसात होत नाही, आठवडे लागतात. तेव्हा रोज रात्री तासभर बाहेर काढलीत म्हणून घाबरू नका.

आणि लाकूड फुगतं-आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. टॉपच्या आत ज्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्या आडव्या जातात. टॉप रुंदीत आकसायला बघतो, पट्टी लांबीत आकसत नाही, आणि मग टॉप चिरतो. फुगलेली गिटार बहुतेक वेळा पूर्ववत होते, चिरलेली होत नाही. म्हणून तुम्ही जुलैला जेवढे घाबरताय तेवढंच मार्चलाही घाबरा.

सिलिका वाईट नाही, पण मोजून. ६० च्या वर काटा गेला की घाला, ५० ला आला की काढा. रंग बदलणारी घ्या, भरली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवली की परत वापरता येते. दिवाळीनंतर सिलिका घरात दिसताच कामा नये. तेव्हापासून ४९ टक्क्यांच्या त्या दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या (कोरडं पडलं की ओल देणाऱ्या, दमट झालं की शोषणाऱ्या) पुड्या मिळतात, बोवेडा वगैरे, त्या ठेवा. पावसाळ्यात त्या लवकर भरून फुगतात, पैसे वाया जातात.

सगळ्यात आधी तुमचा काटा खरा आहे का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, विरघळवू नका. ते आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं.

फ्रेटची टोकं आत्ता घासू नका. आधी तीन-चार आठवडे ५० वर राहू दे. लाकूड परत भरलं तर निम्मी टोकं आपोआप आत जातील. उरतील ती घासा.

धागाकर्ता

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार.

मिठाचा प्रयोग काल रात्री केला. झाकणात मीठ कालवताना बाबा शेजारी बसून बघत होते. सकाळी काटा ६९ वर होता. म्हणजे माझा मीटर सहा टक्क्यांनी कमी दाखवतो. एप्रिलचे २८ खरे तर ३४ च्या आसपास असावेत, आणि परवाचे ७१ म्हणजे ७७. मीटरवर चिकटपट्टी लावून "+६" लिहून ठेवलंय.

कागदाची पट्टी नेकच्या बाजूच्या कडीपाशी सहज निसटली. बाकी तीन कड्या घट्ट आहेत. तिथे झाकणाच्या खोबणीत काय लावावं? रबराची पट्टी लावणार होतो, पण गिटारचं पॉलिश नायट्रोचं (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) आहे आणि रबराला टेकून राहिलं की त्याला डाग पडतात हे माहीत आहे. लोकरीची नमदा पट्टी चालेल असं वाटतंय. कुणी लावली असेल तर सांगा.

केस माळ्याखालच्या भिंतीवरून हलवली. आता ती देवघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीपाशी आहे, जुन्या मागाच्या दोन फळ्यांवर. चुलीची बाजू पलीकडची आहे, भिंतीला हात लावून बघितला, गरम लागत नाही.

टोकं घासायचं जून संपेपर्यंत थांबवतो. पण नंतर ते काम कुणाकडे द्यावं? मिरज जवळ आहे आणि तिथल्या सतारी-तानपुऱ्यांच्या कारागिरांच्या हाताबद्दल शंकाच नाही, पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकणारे, गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. काम वेगळं आहे. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात ज्याच्याकडून स्वतःच्या गिटारचे फ्रेट घासून घेतले आहेत असं कुणी असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. गाडीने न्यायची झाली तर पहाटे निघेन, उन्हात डिकीत ठेवणार नाही.