एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल. पिशवी काढायची का? (मदत हवी आहे)

निशिगंध
मोठ्या जाऊबाईंचा रिपोर्ट आलाय. वय ३८, दोन मुलं, पाळी नियमित, संबंधानंतर रक्त जाणं वगैरे काही नाही. लिक्विड बेस्ड पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही डीएनए (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी) एकत्र केलं होतं. पॅपपुढे 'एनआयएलएम', एचपीव्हीपुढे 'टाइप १६ डिटेक्टेड'. डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघण्याची तपासणी) सांगितली आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. पॅप नॉर्मल असताना कॉल्पोस्कोपी कशाला? आणि पिशवीचं काय करावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

मंदार_पॅथॉलॉजी
कॉल्पोस्कोपी करून घ्या. पिशवीचा विषय सध्या पूर्ण बाजूला ठेवा.

एनआयएलएम म्हणजे स्लाइडवर आलेल्या पेशींत कर्करोगपूर्व बदल दिसला नाही. पण ब्रशला जे लागलं तेवढंच स्लाइडवर येतं, आणि एका पॅपमधून बदल निसटणं ही नेहमीची गोष्ट आहे. एचपीव्ही चाचणी विषाणूच शोधते, त्यामुळे ती जास्त संवेदनशील. धोकादायक गटात साधारण १४ प्रकार येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोघांमुळे होतात. म्हणून बाकीच्या प्रकारांत पॅप नॉर्मल असेल तर वर्षभराने पुन्हा तपासतात, पण १६ किंवा १८ आला तर थेट कॉल्पोस्कोपी.

घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. दहापैकी नऊ जणींचा संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो टिकून राहिला तर त्रास. विषाणूचं ई६ हे प्रथिन पेशीतलं पी५३ नष्ट करतं आणि ई७ हे आरबी निकामी करतं. बिघडलेल्या पेशीचं विभाजन रोखण्याचं काम पी५३ आणि आरबी या पेशीतल्याच प्रथिनांचं असतं. तरीही तिथून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदा. एचआयव्ही, तर हा काळ बराच कमी होतो, हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

डॉ_केतकी
कॉल्पोस्कोपीबद्दल थोडं. पाळी पूर्ण थांबल्यावर, साधारण ८ ते १२ व्या दिवसात वेळ घ्या. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीमही नको. भूल लागत नाही. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) लावून गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावतात आणि निदान एक मिनिट थांबतात. घाई केली तर फिकट डाग दिसतच नाहीत. बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग ल्युगॉल आयोडीन: निरोगी पेशींत ग्लायकोजेन असल्याने त्या गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पिवळट राहतात. संशय आला तर दोन-चार मिलिमीटरचे तुकडे बायोप्सीला जातात. चिमटा काढल्यासारखं दुखतं. रक्त थांबवायला मॉन्सेल पेस्ट लावली असेल तर पुढचे काही दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं, ते नॉर्मल. पॅड भिजेल इतकं रक्त, ताप किंवा दुर्गंधी असेल तर लगेच दाखवा.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट मुद्दाम बघा: ट्रान्सफॉर्मेशन झोन (गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात तो भाग) पूर्ण दिसला का? आजार तिथूनच सुरू होतो. तो आत सरकलेला असेल तर वरवरची तपासणी नॉर्मल येऊनही आतलं राहून जातं, अशा वेळी कॅनॉलमधला (गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतला) नमुनाही घ्यावा लागतो.

आता पिशवी. बायोप्सीत सीआयएन १ (कर्करोगपूर्व बदलाची सौम्य पायरी; २ आणि ३ त्याहून तीव्र) आलं तर नुसतं लक्ष ठेवायचं. सीआयएन २ किंवा ३ आलं तर लीप: स्थानिक भूल देऊन तारेच्या लूपने तेवढाच भाग काढतात, तो पुन्हा तपासला जातो आणि कडा मोकळ्या आहेत का ते कळतं. बायोप्सीआधीच पिशवी काढली आणि आत कर्करोग निघाला, तर ती साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरते, रेडिएशनची वेळ येते. शिवाय पिशवी गेली तरी योनीच्या वरच्या टोकाला विषाणू राहू शकतो, म्हणजे तपासण्या सुटत नाहीतच. अंडाशयही काढले तर ३८ व्या वर्षी रजोनिवृत्ती, हाडं ठिसूळ होणं वेगळंच. मराठवाड्यात कमी वयात, साध्या पांढरं जाण्यावरूनही पिशव्या काढल्या गेल्या आहेत. कृपया तसं होऊ देऊ नका.

निशिगंध
मनापासून आभार, दोघांचेही. अजून दोन शंका. हे दीरांकडून आलं का, त्यांची तपासणी करायची का? यावरून घरात बोलाचाली सुरू आहे. आणि पुतणी ११ वर्षांची आहे, तिच्या लसीचं काय?

डॉ_केतकी
कोणाकडून आणि कधी, हे या चाचणीतून कळत नाही. संसर्ग वर्षानुवर्षं गप्प राहून आज दिसू शकतो, लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कोणाचाही. त्यावरून संशय घेणं अन्यायाचं आहे, हे घरात ठामपणे सांगा. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली चाचणी नाही. विषाणूवर औषधही नाही. अँटिबायोटिकचे कोर्स किंवा योनीतल्या गोळ्या देऊन 'एचपीव्ही बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. सोनोग्राफीतही हे बदल दिसत नाहीत.

पुतणीला लस जरूर द्या. ९ ते १४ वयात २ डोस, ६ महिन्यांच्या अंतराने. १५ पूर्ण झाल्यावर सुरू केली तर ३: आज, २ महिन्यांनी, ६ महिन्यांनी. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. टोचल्यावर १५ मिनिटं तिला बसवून ठेवा, या वयाच्या मुलींना भोवळ येते. जाऊबाईंचा आत्ताचा संसर्ग मात्र लसीने जाणार नाही.

मंदार_पॅथॉलॉजी
एक भर. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १.३ लाख बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्यामुळे तुमचंही वय ३० च्या पुढे असेल तर जाऊबाईंसोबत स्वतःचाही नमुना देऊन या. निगेटिव्ह आला तर पुढची चाचणी ५ वर्षांनी.