'रेझिलियन्स'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कोविडच्या काळातल्या आठवणींवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात लॉस आणि रेझिलियन्स हे दोन शब्द दर चार ओळींनी येतात. 'हानी' म्हटलं की विमा कंपनीचा फॉर्म वाटतो आणि 'लवचिकता' तर मला अजिबातच पटत नाहीये. कुणी सुचवा ना.

---

लवचिकता नकोच. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उडी मारून मागे येणं, म्हणजे दाबलेली स्प्रिंग सोडली की होती तशी होते ते. माणूस कुठे होता तसा होतो? मी तरी 'तग धरणे' आणि 'सावरणे' दोन्ही वापरीन पण वेगवेगळ्या जागी. लॉकडाऊनमध्ये काम गेलं, घरात कुणीतरी आजारी, तेव्हा लोक तग धरून होते, सावरले ते बरंच नंतर, आणि काही अजून सावरतायत. 'उभारी' छान आहे पण तिच्यात आधी बसलेला फटका दिसत नाही, भाषणातली वाटते. चिवटपणाही चालेल, फक्त खोकलाही चिवट असतो हे लक्षात ठेवा :)

---

लॉसबद्दल. नोकरी गमावली, वास घ्यायची शक्ती गमावली इथवर ठीक, माणसाला 'गमावलं' म्हटलं की उगाच आपलीच काहीतरी चूक झाल्यासारखं वाटतं, डाव गमावल्यासारखं. 'मुकणे' बघा, 'ती वडिलांना मुकली'. आणि हल्ली कमी ऐकू येणारं 'अंतरणे', 'मला भाऊ अंतरला'. त्या दिवसांत सगळीकडे अंतर ठेवा, अंतर ठेवा चालू होतं आणि माणसं खरंच अंतरली. माझी मावशी गेली तेव्हा शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं, नर्सने फोन धरलेला, पीपीईच्या हातमोज्यातला अंगठा अर्ध्या स्क्रीनवर आणि मावशी विचारतेय चार्जर कुठाय. नंतर एका पिशवीत चष्मा आणि तो चार्जर परत मिळाला. तिथे 'निधन' वगैरे शब्द जवळसुद्धा येत नाहीत हो.

---

वरच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाही.

शब्दांचंच बोलतो. पॅन्डेमिकला 'महामारी' न लिहिता 'महासाथ' लिहा असं सुचवीन. महामारीत नुसतं मरण आहे, साथीत पसरणं आहे. सोबत या अर्थाचा 'साथ' संस्कृत सार्थ वरून आलाय, सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. साथ येते आणि साथ सुटते, दोन्ही वाक्यं मराठीत रोजची आहेत, मुद्दाम कोटी करायची गरजच नाही. पूर्वीचे लोक नावं मात्र रोखठोक ठेवायचे, 1918 च्या फ्लूला मानमोडी म्हणत.

आणि साथ 'संपली' लिहू नका, 'ओसरली' लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 ला पॅन्डेमिक म्हटलं आणि 5 मे 2023 ला फक्त आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आजार गेला असं नाही. पूर ओसरतो तेव्हा नदी काही आटत नाही.

---

एवढा कीस कशाला? रेझिलियन्सच लिहा की देवनागरीत, सगळ्यांना कळतं.

---

कळतं हो, पण ज्यांचं माणूस गेलंय त्यांना 'तुमचा रेझिलियन्स' म्हणून बघा कसं वाटतं ते. 'सावरा आता'सुद्धा तसंच, ते स्वतःबद्दल बोलताना बरं, दुसऱ्याला सांगितलं की हुकूम होतो.

---

सगळ्यांचे आभार. मूळ वाक्याचा मतलब असा होता की समाजाने हानीला लवचिकतेने तोंड दिलं. मी आता 'माणसं अंतरली, मागे राहिलेल्यांनी तग धरला, साथ ओसरल्यावर हळूहळू सावरू लागले' असं केलंय. मूळ लेखात नामं आहेत, माझ्याकडे सगळी क्रियापदं झाली, संपादक ओरडतील बहुतेक. 'अंतरली' तळटीप न देता कळेल ना पण? विशीतल्या कुणीतरी सांगा.