शेअर फोल्डर संध्याकाळी कनेक्शन नाकारतंय

माजघर:
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं, वायफाय एकच. खालच्या खोलीतल्या विंडोज १० च्या डेस्कटॉपवर एक फोल्डर शेअर केलंय. कॅसेटवरून उतरवलेली आजोबांची भजनं त्यात आहेत, मुलांच्या नोट्स आहेत, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही तिथेच पडतं. संध्याकाळी सगळे घरी आले की कुणाला तरी 'आणखी कनेक्शन घेता येणार नाहीत' असा मेसेज येतो. रिस्टार्ट केलं की चालतं, पण तेवढ्यात रेकॉर्डिंग तुटतं आणि रात्रीच्या वेळी ते मला अजिबात नकोय. उपकरणं सगळी मिळून १५. विंडोजची मर्यादा एका वेळी २० कनेक्शनची ना? मग अडतंय कुठे?

वायरमन:
अॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये एका वेळी किती जण, हा आकडा कुणी कमी केलाय का ते आधी बघा. २० च्या वर तो जात नाही. जुन्या विंडोज एक्सपी होमला तर ५ च होते.

माजघर:
पाहिलं, २० च आहे.

तळमजला:
दादा, विंडोज उपकरणं नाही, उघडी सेशन (म्हणजे फोल्डरशी चालू असलेल्या जोडण्या) मोजतं. मेसेज आला की रिस्टार्ट न करता अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नेट सेशन' चालवा. कुठल्या उपकरणाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) किती वेळ निपचित पडलाय ते शेवटच्या रकान्यात दिसेल. मला कॅमेऱ्याचा संशय आहे. वायफाय तुटून नवा आयपी मिळाला की तो नवं सेशन उघडतो, जुनं तसंच लटकतं. रिकामं सेशन विंडोज एरवी १५ मिनिटांनी बंद करतं, पण त्यात फाइल उघडी राहिली असेल तर हात लावत नाही.

माजघर:
अगदी तेच! २० ओळी, त्यातल्या सहा एकट्या फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या. पाच तासन्तास निपचित, तरी प्रत्येकीत फाइल उघडी.

तळमजला:
त्या पाचच तोडा. 'नेट सेशन', पुढे दोन उलट्या तिरक्या रेघा, लगेच पत्ता, मग जागा सोडून एक सरळ तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'डिलीट'. पत्ता विसरू नका, नाहीतर सगळ्यांचीच सेशन तुटतील. खरं दुखणं मात्र फाटकापाशी आहे, तिथवर केबल न्या. १०० मीटरच्या आत असेल तर काही अडचण नाही.

वायरमन:
पुढे उपकरणं वाढणार असतील तर रेकॉर्डिंग रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर सांबा (फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) टाकून तिकडे हलवा. त्यात मुळात कनेक्शनची मर्यादा घातलेली नसते.

माजघर:
पाचही तोडली. रेकॉर्डिंग न थांबता सगळ्यांना फोल्डर उघडतंय. रविवारी केबल ओढतो. मनापासून आभार.