सोफ्यावरचा गहू

खळ्यावरचा:
परवा इथंच एकानं रंकाळ्याकडच्या नव्या फ्लॅटचे फोटो टाकले. सोफ्याच्या वर तीन फ्रेमा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छापील विलायती चित्रं: गव्हाची कापणी, पेंढ्यांचे ढीग, टोपडी घातलेल्या बायका, घोडे जुंपलेलं यंत्र. खाली ओळ, 'मातीशी नाळ'. आणि त्याखाली नुसती वाहवा.

कुठल्या मातीशी, भावा? गहू कापलाय कधी? मार्चच्या उन्हात कुसळं गळ्यातनं आत जातात, घामाला चिकटतात, रात्रभर अंग खाजतं. मी दुसरीत असताना मळणीला तिवड्याच्या खांबाभोवती बैलांच्या मागं फिरायचो. आज्जा धान्य उफणायला वावडीवर सूप घेऊन उभा. वारं पडलं की शिव्या आधी वाऱ्याला, मग आम्हाला. यातलं काय आहे त्या फ्रेमांत?

आणि ते घोड्यांचं यंत्र म्हणजे मॅककॉर्मिकच्या कापणी यंत्राची जाहिरात आहे. त्यानं ते १८३१ ला अमेरिकेत चालवून दाखवलं, १८३४ ला पेटंट घेतलं. कापणाऱ्याचे हात कमी करणाऱ्या मालाची जाहिरात, आणि हे तिला कष्टाचा मुजरा म्हणून टांगणार. मग ट्रॅक्टरच्या दुकानातलं कॅलेंडर काय वाईट होतं?

पट्टीवाला, राजारामपुरी:
कॅलेंडरंही फ्रेम करून नेतात लोक, मीच करून देतो. जाहिरात होती म्हणून चित्र बाद? रवि वर्म्यानं १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी आपल्या देवघरात चालते, तीही शिळाछापच. एकेका रंगाला वेगळा दगड. भिंग लावून बघा, जुन्या छाप्यात वेडावाकडा रवा दिसतो. सारख्या ओळीत ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे कालचा माल.

माझं दुखणं वेगळं आहे. लोक जुनी पुस्तकं फाडून पानं आणतात. वर काचेला चिकटवून द्या म्हणतात, माउंटचे, म्हणजे काच आणि चित्रात अंतर ठेवणाऱ्या पुठ्ठ्याचे, पैसे नकोत. आपल्या पावसाळ्यात दोन वर्षांत बुरशी येते, मग भांडायला माझ्याकडंच.

कागलची सून:
पुस्तक फाडणाऱ्यांबद्दल शंभर टक्के. पण खळ्यावरचे दादा, त्या चित्रात गहू बायकांच्या छातीला लागतोय, ते बघितलं का? जुना गहू उंचच असायचा, खत जास्त झालं की लोळायचा. १९६६ ला मेक्सिकोतनं १८,००० टन बुटक्या गव्हाचं बी आलं, तेव्हापासनं रानं कमरेवर आली. आमच्या सासूबाई म्हणतात, आम्ही गव्हात लपाछपी खेळायचो. आता मांजर लपेल.

खळ्यावरचा:
उंची मान्य. पण आपल्याकडं खरा गहू खपली. त्याचं चित्र कुणी छापलं नाही.

उसातला माणूस:
खपली पिकवणार कोण? पाटाचं पाणी आलं, ऊस आला, गहू बांधाकडंला गेला. आणि उसाचं बिल कधी मिळतं ते विचारू नका.

खळ्यावरचा:
विचारलंच नाही कुणी.

कागलची सून:
खपलीचं कौतुक पुरुषांनी करावं. तिचं फोलपट मळणीत सुटत नाही, कांडावी लागते. उखळावर हात कुणाचे जायचे? आता तीच खपली पाकिटात घालून आरोग्याच्या नावानं दुप्पट भावात विकतात, आणि घेऊन करतात काय, तर साखर घालून खीर!

उसातला माणूस:
आमच्यात साखरच घालतात. चवीत फरक नाही.

पट्टीवाला, राजारामपुरी:
कोल्हापुरात राहून खपलीच्या खिरीत साखर? गूळ काय प्रदर्शनाला ठेवायचा?

कागलची सून:
यांना धाग्यातनं काढा आधी.

उसातला माणूस:
साखर पण आमच्या उसाचीच आहे की! तोंड सांभाळून बोला.

(पुढची बावीस उत्तरं खिरीवरच आहेत. एकानं खसखस काढली, त्याला दोघांनी धुतलं.)

तीन फ्रेमांचा मालक:
फ्लॅट माझा. चार दिवस वाचतोय, खीरसुद्धा. आमचं रान रस्त्याकडंला होतं, वडिलांनी विकलं, त्यातनंच हा फ्लॅट झाला. आमच्याही दारात खळं होतं. त्याचा एक फोटो नाही. फोटोवाला गावात लग्नालाच यायचा. वडिलांनी ही चित्रं एका जुन्या बाजारात बघितली आणि पेंढीवर बोट ठेवून म्हणाले, बांधायची पद्धत आपलीच आहे. मी घेतली. 'मातीशी नाळ' बायकोनं लिहिलं.

खळ्यावरचा:
हे आधी लिहायचं होतं की. नाळेवर कशाला ढकललं?

बरं, पेंढीपुरतं मागं घेतो. यंत्राची फ्रेम मात्र सोफ्यावरनं काढा, आतल्या खोलीत लावा.

तीन फ्रेमांचा मालक:
आतल्या खोलीत वडील झोपतात. त्यांना तीच आवडते. म्हणतात, हे असतं तर माझी पाठ वाचली असती.

कागलची सून:
घ्या आता.

पट्टीवाला, राजारामपुरी:
मालक, माउंट कसला घातलाय? साधा पुठ्ठा असेल तर पावसाच्या आत घेऊन या.